तुडुम म्याच काढला जी

नाई नाई नाई… टाळ्या नोका वाजवू बाप्पा! अजून म्या तोंडबी उघडलं नाई अन् तुमी सुरू झाले? हे आपले राजकुमारभाऊ, नवरदेवाचे बाबूजी, यायनं माईकवर काय सांगतलं तुमाले? "पंगत बसली आहे, जेवता जेवता आपल्या मनोरंजनासाठी येऊन राहिले हास्यसम्राट इतवारीभाऊ!" कायचा हास्यसम्राट जी? मी मासोळ्या धरनारा मानूस. तलावात जाळं टाकतो, घरी येतो, बायकोच्या शिव्या खातो, झोपतो. मी इथं हसवाले नाई आलो, तुमची शपथ… मी गुन्हा कबूल कराले आलो! …पाहा, पाहा, लागले हसाले! अवो मावशी, त्यात हसाचं काय आहे? म्या एका चांगल्या मानसाचं नाव खराब केलं, ते सांगाले शहापुरापर्यंत आलो, अन् तुमी पदर तोंडाले लावून राहिल्या! अन् तो पयल्या रांगेतला मानूस दिसते का तुमाले? पांढरी टोपी, मांडीवर पिशवी, जरासाबी हालत नाई? त्याच्याकडं नोका पाहू. त्याचं मंग सांगतो.

तर झालं काय… आमच्या गावाले तलाव आहे. जुना, मोठा, मालगुजारी काळचा. त्याच्या पाळीले, म्हनजे मातीच्या बांधाले, तुडुम आहे. आता शहरातले पावने असन त त्यायच्यासाठी सांगतो, तुडुम म्हनजे तलावाचं पानी शेतात सोडाची दगडाची मोरी, वरून विहिरीवानी भोक अन् खाली लाकडाचा डाट. डाट काढला का पानी पाटात, पाटातून बांधीत, बांधी म्हनजे धानाच्या शेताचा तुकडा, अन् सगळ्यात पयली बांधी कोनाची? तुलारामची. तो डाट कधी काढाचा हे ठरवते आमची मच्छीमार संस्था अन् गावातले शेतकरी, बसून, चहा पिऊन, भांडून. एकट्यानं हात नाई लावाचा! अन् चार सालाआंधी सरावनात आमी नुकतीच बोटुकली सोडली होती तलावात. बोटाएवढी पिल्लं, रोहू, कतला, मिरगल. आता दोन मयने तुडुम बंद म्हनजे बंद. तुलाराम येऊन गेला होता संस्थेत, "धान लावाचा रोवना अडून राहिला जी, दोन दिवस पानी सोडा." आमचे अध्यक्ष दादाजी, ते अशी मान वाकडी करून बोलतेत, "तुलारामजी, पानी सोडलं त पिल्लं जातीन. पिल्लं गेली त संस्था जाईन. संस्था गेली त मी अध्यक्ष कायचा?" तुलारामनं टोपी नीट केली अन् चालला गेला.

अन् राखनीची पाळी कोनाची? माही. भर दुपार, सारं गाव रोवन्यावर, पाळीवर मी एकटा अन् एक बगळा. बगळा ध्यानात ठेवा हो, लागन पुढं. आता मानूस एकटा असला त त्यानं का करावं? गप बसावं! पन माह्याजवळ नवा मोबाईल. टच. आमची टीना नागपुरात नर्स आहे, पोरीनं पयल्या पगारातून बापाले घेऊन देल्ला, मांगं कव्हर, कव्हरवर आमचा दोघा नवरा-बायकोचा फोटो. म्हनलं टीनाले एक फोटो पाठवू, 'बाबा ड्यूटीवर'. तुडुमाच्या दगडावर बसलो, हात लांब केला, दात काढले… अन् गेला ना बाप्पा! सुळ्ळकन गेला मोबाईल तुडुमाच्या भोकात!

आता तुमी म्हनान, इतवारी, गेला त गेला, बोंबल, मानसं बोलाव. पन मी मासोळ्या धरनारा मानूस जी! माहं डोकं कसं चालते? म्हनलं, डाट जरासा ढिला केला, जरासाच, का पानी पाटात जाईन, पान्यासंगं मोबाईल पाटात येईन, अन् खाली म्या जाळं लावून ठेवलं त सुटन कसा? दहा किलोचा कतला सुटत नाई माह्या हातून, एवढासा मोबाईल सुटन? लावलं जाळं खाली पाटात, वर आलो, डाटाचा दांडा धरला, जरासा ओढला… नाई आला. अजून जरासा… नाई. मंग पाय टेकवून असा ओढला ना… आख्खा डाट हातात अन् मी पाठीवर! अन् खालून पानी असं सुटलं, असं सुटलं… माहं जाळं गेलं, दगड गेले, बोटुकली गेली चमचम चमचम करत, हजारोनं, अन् मोबाईल? मोबाईल काई दिसला नाई! डाट परत बसवाले गेलो त पान्याच्या जोरानं तो बसन का? अर्धा घंटा मी त्या डाटासंगं कुस्ती खेळलो. मंग का केलं? मंग… हे सांगताना आताबी मान खाली जाते… मंग मी घरी गेलो, चादर घेतली अन् बायाबाईले, म्हनजे माह्या बायकोले, म्हनलं, "ताप आला वं." बस. एवढंच केलं. गावाले हाक मारली असती त अर्धी पिल्लं वाचली असती. नाई मारली.

सकाळी सारं गाव तुलारामच्या बांधीवर. बांधीत मासोळ्या उड्या मारून राहिल्या! अन् कोनाच्या बांधीत? ज्यानं जिंदगीत अंडंबी खाल्लं नाई, ज्याच्या गळ्यात तुळशीची माळ, मासोळीचा वास आला का जो नाकाले दुपट्टा लावते, त्याच्या! आदल्या दिवशी त्याची पाठ धरली होती म्हनून घरी एकटाच पडून होता, साक्षीले कोनी नाई. बांधावर उभा, हातात फावडं, तोंडावर काई समजून नाई राहिलं. म्हनते, "दादाजी, मी मासोळीचं का करू जी?" दादाजीनं मान वाकडी केली. "मासोळी नाई खात, मान्य. पानी त पायजे होतं ना?" झालं! सारे म्हनाले, हो हो, पानी त पायजे होतं, चार दिवसाआंधीच मांगून गेला!

अन् मंग दादाजी माह्याकडं वळले. "इतवारी, तू होतास राखनीले. ताप येऊन घरी गेलास ते ठीक, पन जायच्या आंधी कोन दिसलं?" आता पाहा लोकहो. मले म्हनता आलं असतं, मीच होतो. ते नाई त म्हनता आलं असतं, कोनी नाई दिसलं. म्या का म्हनलं? म्या म्हनलं, "पांढरं काईतरी दिसलं होतं जी." …खोटं बोललो का? नाई! बगळा होता! बगळा पांढरा असते! पन गावानं कोनाच्या डोक्याकडं पायलं? तुलारामच्या टोपीकडं. अन् तुलारामनं माह्याकडं पायलं. अन् मी वर आभाळात पाहून राहिलो, बगळा दिसते का म्हनून. …टाळ्या नोका वाजवू, हात जोडतो, ही टाळ्या वाजवाची जागा आहे का?

बरं, गावानं त्याले शिक्षा का केली? मारलं नाई, झोडलं नाई. तलावात मासोळीचं बीज सोडाच्या दिवशी पाळीवर नारळ फोडाचा मान तुलारामच्या घरचा, त्याच्या आजापासूनचा. तो काढला. अन् देल्ला कोनाले? "गावाचा खरा राखनदार इतवारी!" म्हनून मले! दुसऱ्या साली सरावनात म्या नारळ फोडला जी, नव्या सदऱ्यात. पयल्या फटक्यात नाई फुटला, दुसऱ्यात नाई, सातव्यात फुटला त आतून सडका. सारे म्हनाले, सडका नारळ म्हनजे काम होनार! कोनीबी काईबी म्हनते. अन् तुलाराम? तो पाळीवर याचा बंद झाला. सोताच्या बांधीत जाले पाळीवरून पाच मिनटं लागतेत. तो नहराकडून वळसा घेऊन अर्धा घंटा चालत जाये. रोज. डोक्यावर धानाच्या पऱ्ह्याचा भारा असला तरी. पाळीवरून त्याची टोपी दुरून दिसे अन् मी जाळ्याच्या गाठी मोजाले लागो. सांगाचं होतं जी, खरंच सांगाचं होतं… रोज ठरवो, आज सांगतो. मंग वाटे, उद्या सांगतो, आज त्याले काम असन.

अशातच मांगच्या मे मयन्यात आला माहा भाचा, भूपेश. इथलाच, तुमच्या शहापूरचा. लग्नाचे व्हिडिओ काढते, पाहा, आताबी तो खुर्चीवर चढून तुमचे घास मोजून राहिला. म्हनते, "मामाजी, मी सिनेमा काढून राहिलो. फँटसी कॉमेडी. 'हिमगावचा पावना'." म्या म्हनलं, "म्हनजे का गा?" म्हनते, "एक मासोळ्या धरनारा मानूस तलावात बुडी मारते अन् निंगते कुठं? डायरेक्ट बर्फाच्या देशात! तठी सारं गोठलेलं. झाडं गोठलेली, मानसं गोठलेली. तठची रानी त्याले इचारते, तू कोन? जवरक तो सोताले ओळखून खरं बोलत नाई, तवरक बर्फ वितळत नाई. सोताचा शोध, मामाजी, सोताचा शोध!" म्या म्हनलं, "अन् हिरो कोन?" म्हनते, "तुमी! मले असा चेहरा पायजे ज्याच्यावर काई लपतच नाई." …लपत नाई! माह्या चेहऱ्यावर!

शूटिंग गावच्या राईस मिलच्या अंगनात. मे मयना, शेहेचाळीस डिगरी, चिमन्याबी सावलीत तोंड उघडून बसलेल्या, अन् मी अंगात दोन स्वेटर, वरून घोंगडी, कानाले मफलर, अन् भूपेश बोंबलते, "मामाजी, थरथरा! थंडी दिसली पायजे!" म्या म्हनलं, "बाबू, मले चक्कर येऊन राहिली." "चक्कर चालन, पन थरथरत येऊ द्या!" बर्फ म्हनून त्यानं पयल्या दिवशी मुरमुरे पसरवले, सात पोते. शॉट सुरू झाला, मी बर्फातून चाललो, तवरक गावच्या साऱ्या बकऱ्या आल्या अन् आख्खं हिमगाव खाऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी आमच्या संस्थेचे मासोळ्याचे थर्माकोलचे डबे कुस्करून पसरवले. दिसाले झकास! पन वास? गावचे सारे कुत्रे बर्फ चाटाले आले, त भूपेश म्हनते, "राहू द्या, हे बर्फातले लांडगे." तोंडातून वाफ निंगाली पायजे म्हनून दर डायलॉगच्या आंधी मले बिडी ओढाले लावे, तीन दिवसांत मले असा खोकला झाला का रानीचं बोलनंच ऐकू येना. रानी कोन? आमच्या गावची आशा वर्कर, चंद्रकला. डोक्यावर चांदीच्या पन्नीचा मुकुट, हातात काठी, "हे परदेशी मानवा!" म्हनून अशी गरजे, अन् मधातच मिलच्या फाटकातून कोनी बाई जाताना दिसली का त्याच आवाजात, "काव, पोराले डोस देल्ला का?"

इथवर हसा, माही ना नाई. पुढं मात्र… भूपेशले एक गोठलेला मानूस पायजे होता. हिमगावात मधोमध उभा असते, कोनाच्या तरी खोट्यापायी गोठलेला, हिरो खरं बोलला का तो वितळते. आता भूपेशले आमच्या गावातलं काई माईत नाई, बाहेरचा पोट्टा. एक दिवस मिलमंदी नाचतच आला. "मामाजी, भेटला! तिकडं नहराजवळ एक मानूस उभा होता, तलावाकडं पाहत, पंधरा मिनटं, पापनीबी नाई हालली! याले ॲक्टिंग शिकवाची गरजच नाई!" म्या म्हनलं, "पांढरी टोपी?" म्हनते, "हो! तुमी ओळखता?" …ओळखता! म्या त्याले पुष्कळ सांगतलं, दुसरा कोनी घे, तो येनार नाई. पन तुलारामनं त्याले दोनच गोष्टी इचारल्या म्हने. "बोलाचं त नाई ना?" "नाई." "पाळीवर याचं नाई ना?" "नाई जी, मिलमंदी." "मंग येतो."

आला. त्याच्या तोंडाले, हाताले तांदळाचं पीठ चोपडलं, टोपीवर पीठ, मिशीत पीठ, सारा पांढरा फटक, फक्त डोळे तेवढे उघडे. मधोमध उभा केला. बाजूनं खऱ्या बर्फाच्या लाद्या, आमच्या मासोळीच्या गाडीतून आनलेल्या. अन् माहा डायलॉग का होता? "मी इतवारी, वैनगंगेचं लेकरू! माह्या मनात काई खोट नाई!" …समोर तुलाराम. दीड हात अंतर. त्याचे डोळे माह्या डोळ्यात. बोला आता! पयला टेक, "मी इतवारी, वैनगंगेचं लेकरू, माह्या मनात…" अन् खोकला. दुसरा टेक, "माह्या मनात…" घसा बसला. सातव्या टेकले लेकरू विसरलो, अकराव्याले वैनगंगा विसरलो, सतराव्याले माहं नाव विसरलो! बर्फाच्या लाद्या पानी होऊन चालल्या, चंद्रकला काठी आपटून म्हनते, "हे परदेशी मानवा, मले पाच वाजता मीटिंग आहे!" भूपेशनं डोकं धरलं. "मामाजी! पाया पडतो! जे मनात येईन ते बोला, ओठ हालवा फक्त, आवाज मी मंग टाकतो!"

ओठ हालवा फक्त. आवाज ऐकू येनार नाई म्हनलं का मानसाले केवढी हिंमत येते पाहा! म्या तुलारामच्या डोळ्यात पाहून बोललो. "तुलाराम, तुडुम म्या काढला गा. मोबाईल पडला होता. डाट निंगाला, मंग बसला नाई. मी घरी जाऊन चादर घेऊन झोपलो. अन् तो बगळा होता, तुही टोपी नोहती. मले माईत होतं सारे का समजून राहिले, अन् म्या समजू देल्लं. तू रोज नहराकडून जातोस, मी पाहतो. मले लाज वाटते. तुह्यासमोर याची लाज वाटते म्हनून मी येत नाई." …बस. तो हालला नाई. त्याले सांगतलंच होतं हालाचं नाई म्हनून. पन डोळ्याखालच्या पिठातून दोन ओल्या रेघा खाली आल्या. म्या म्हनलं घाम असन. मे मयना होता.

भूपेश रडतच आला, मले मिठी मारली. "मामाजी! सारी लाइनच बदलली तुमी! एकदम ओरिजनल!" अन् आवाज त्यानं मंग टाकलाच नाई, तोच ठेवला. तुलारामनं दुपट्ट्यानं तोंड पुसलं अन् चालला गेला. मले वाटलं, चला, सांगून झालं, त्यानं ऐकलं, सुटलो! किती सोपं होतं, उगाच एवढे दिवस घाबरलो… सुटलो कायचा जी!

जून मयन्यात एका सांजच्याले भूपेशनं ग्रामपंचायतीच्या भिंतीवर सिनेमा दाखवला. सारं गाव हजर. बकऱ्या आल्या, लोक हसले. लांडगे आले, हसले. अन् मंग तो सीन. माहं थोबाड भिंतीवर एवढं मोठं, नाकातला केस दिसे, अन् माहाच आवाज, "तुडुम म्या काढला गा…" म्या डोळे मिटले. म्हनलं इतवारी, आता पडतेत जोडे. पडू दे. उशिरा का होईना, पडू दे.

अन् टाळ्या पडल्या! टाळ्या! शिट्ट्या! बाया रडून राहिल्या! दादाजीनं माईक घेतला, मान वाकडी केली. "गावकऱ्यायनो! याले म्हनतेत मोठं मन! तुलारामनं केलं ते पाप आपल्या इतवारीनं, सिनेमात का असेना, सोताच्या अंगावर घेतलं! मंग आपन काहून मांगं राहाचं? आजपासून गावानं तुलारामले माफ केलं! नारळाचा मान परत!" म्या उभा राहून ओरडलो, "दादाजी, अंगावर नाई घेतलं जी, ते माहंच आहे!" त लोक अजून जोरानं टाळ्या वाजवाले लागले, पाहा म्हने, अजूनबी त्याच ॲक्टिंगमंदी आहे! मंग तुलाराम उभा राहिला. त्या सकाळनंतर पयल्यांदा चारचौघांत बोलला. "मले माफी नोको. म्या केलं असतं त घेतली असती." टोपी नीट केली अन् घरी गेला. त लोक म्हनाले, एवढं होऊन अकड नाई गेली याची! ती शिवीबी त्यालेच पडली जी. माह्यापायी. साऱ्या गावात टाळ्या न वाजवलेला तो एकटा मानूस होता.

सकाळी गेलो त्याच्या घरी. पाय थरथरून राहिले होते, अन् आता भूपेश नोहता सांगाले. त्याच्या घरवालीनं, कौशल्याबाईनं, पानी देल्लं. तुलाराम आतून आला, हातात चिंधीत गुंडाळलेलं काईतरी. सोडलं त… माहा मोबाईल! कव्हरवर मी अन् बायाबाई दात काढून! म्हनते, "बांधीत चिखलनी करता करता सापडला. चौथ्या दिवशी." चौथ्या दिवशी! म्हनजे त्याले माईत होतं! तवापासून! म्या म्हनलं, "मंग गावाले काहून नाई दाखवला गा?" म्हनते, "दाखवला असता त तू सापडला असता. मले वाटे, तू येशीन." अन् जराशानं म्हनते, "दर पोळ्याले वाटे, आज येशीन."

आता सांगा, हे ऐकून मानसानं तोंड कुठं लपवावं? दुनियेले मोठा हिरो दिसून राहिलो होतो अन् त्या ओसरीत मले माह्याच फोटोतल्या दातायची लाज वाटे. म्या खाली वाकलो, त त्यानं पाय मांगं घेतले. "पायाले नोको लागू. चारचौघांत सांग. मले माफी नोको, दया नोको. एका मानसानं म्हनलं पायजे, हो, हे तुलारामनं नाई केलं. एकानं जरी मानलं, त मी पाळीवर येतो अन् नारळ फोडतो."

एक मानूस! म्या म्हनलं दुपारपर्यंत काम होते! घरी जाऊन पयले बायाबाईले सांगतलं. म्हनते, "तुमी? अन् तुडुम? अजी, तुमाले लोनच्याच्या बरनीचं झाकन निंगत नाई, तुमी डाट काढान?" मोबाईल काढून दाखवला, म्हनलं आता त मानलीच पायजे! म्हनते, "हा मोबाईल? तुमी त म्हनले होते बसमंदी खिसा कापला! एवढे दिवस माह्यासंगं खोटं बोलले?" …ते पटलं तिले! खोटं बोललो हे पटलं, तुडुमाचं नाई पटलं! चार दिवस मले भाकरीसंगं नुसतं मीठ. दादाजीकडं गेलो, मोबाईल टेबलावर ठेवला, त म्हनते, "वा इतवारी! सिनेमाची प्रॉपर्टीबी आनली!" संस्थेच्या सभेत सांगतलं, टाळ्या. गावच्या बारशात सांगतलं, टाळ्या. मंग बाहेरगावचे लोक बोलवाले लागले, "तो तुमचा तुडुमवाला कार्यक्रम कराले या ना." गोसीखुर्दकडं पुनर्वसनातल्या एका गावात सांगतलं, तठी वन्स मोअर! गुन्ह्याले वन्स मोअर ऐकलं का तुमी कधी? मांगच्या सरावनात बीज सोडलं त नारळ पाळीवर तसाच ठेवला. म्या फोडला नाई, तुलाराम आला नाई. आता कानाशी हालवला त आत पानीबी वाजत नाई.

आज चौदावी खेप आहे जी. अन् तो पयल्या रांगेतला मानूस… हो, तोच. तुलाराम. दर खेपेले संगं येते, त्याच्याच मोटारसायकलवर मांगं बसून मी येतो. पयल्या रांगेत बसते, मांडीवर पिशवी, पिशवीत मोबाईल. हालत नाई. माहं बोलून झालं का साऱ्यायकडं एकदा पाहते अन् मान हालवते, "नाई गा. आजबी कोनी नाई मानलं." रस्त्यानं बोलतो आमी. धानाचं, पोरायचं, पाठीच्या दुखन्याचं. एवढं त जिंदगीत कधी बोललो नोहतो. पन गाव आलं का मले पाळीजवळ उतरवते अन् तो गाडी नहराकडं वळवते. मी पाळीवर उभा राहून त्याचा लाल लाईट दिसेनासा होतपर्यंत पाहतो. दर खेपेले वाटते आता तरी पाळीकडं वळन… नाई वळत.

म्हनून हात जोडतो. हसून झालं असन त एक मिनट द्या. एक मानूस पायजे जी, जास्त नाई, एक. जो म्हनन, "हो इतवारी, तूच केलं. तुलारामनं नाई केलं." हात वर करा. …कोनी? …तुमी मावशी? …नाई, त्या डोळे पुसून राहिल्या, हसून हसून. …तुमी भाऊ? …तो मांगं! मांगं एक हात वर झाला! बोला बाबाजी, बोला! तुलाराम, पाय गा, मांगं पाय! माईक द्या त्यायले कोनी! …काय? …मठ्ठा? …मठ्ठा नाई भेटला?

…राजकुमारभाऊ, त्यायले मठ्ठा द्या.

हालवली त्यानं मान. पायली ना तुमी? चाल गा तुलाराम, गाडी काढ, उद्या नाकाडोंगरीले बारसं आहे. अन् तुमाले जाता जाता एकच सांगतो लोकहो, एवढं तरी ऐका माहं, टाळ्या नोका…

…वाजवा बाप्पा, वाजवा.